दोनशे नव्वद मीटर

४ जानेवारी

भाऊजी,

वर ‘प्रिय’ लिहायचं राहिलेलं नाही, गाळलं आहे.

तुमचा लेख वाचला. ग्रंथालयात बसून दोनदा वाचला आणि घरी येताना भर रस्त्यात मला हसू फुटलं. शेजारून जाणाऱ्या बाईनं वळून पाहिलं. म्हातारीचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असेल. वाटू दे. तुमचे दादा गेल्यापासून मी मनापासून हसले ती पहिलीच वेळ, आणि त्याचं श्रेय तुमच्या तक्ता क्रमांक दोनला.

तो तक्ता माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. रुग्णांना जोरानं चालायला लावणाऱ्या तुमच्या जलद पद्धतीचा प्रयोग संपला, आकडे हाती आले, तेव्हा तुम्ही तो मोठा छापून हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या हॉलमध्ये भिंतीवर लावला होता. ‘जलद पद्धत: २९० ± ६ मीटर. नेहमीची पद्धत: २७० ± ६ मीटर.’ अर्धांगाचा झटका येऊन गेलेला माणूस सहा मिनिटांत किती चालतो, त्याची सरासरी. हे, म्हणजे तुमचे दादा, तुमच्या जलद गटात होते. प्रयोग संपल्यावरही डावा पाय ओढत रोज व्यायामाला यायचे, त्याच भिंतीखालून जायचे.

एके दिवशी तुम्ही ह्यांना तिथे उभं केलंत. आकड्यावर बोट ठेवलंत. “दादा, हे बघ. दोनशे नव्वद. वर-खाली फार तर सहा. बाकीचे सगळे इथे पोचले आणि तू शहाण्णववर अडकून बसलास. सरळ सांगू? तू अंग चोरतोस. आळशी झालायस.”

हॉल भरलेला होता. फिरत्या पट्ट्यावर चालणारे थांबले. व्यायाम करून घेणाऱ्या बाई, ज्यांना हे हवालदारबाई म्हणायचे, त्या उगाच टॉवेलच्या घड्या घालायला लागल्या. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेली बाई मी, विचारलं, “भाऊजी, हे सहा म्हणजे कशाचे सहा?” तुम्ही सगळ्यांकडे बघून हसलात आणि म्हणालात, “वहिनी, इथे बायको म्हणून येत जा. मास्तरीण म्हणून नको.”

लोक हसले. तुमचाच विभाग, हसावंच लागतं.

सरकारी मोजणीदार होते तुमचे दादा. माळ, टेकड्या, ओढे पायी तुडवून जमिनी मोजण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना चालायचा आळस! पण त्यांनी तुमचं खरं मानलं. धाकटा भाऊ, एवढा मोठा डॉक्टर, त्यात छापील आकडा. शेवटी शेवटी मी पाण्याचा पेला पुढे केला तरी म्हणायचे, “तुला फार त्रास दिला गं. मी आळस केला.” तुम्ही त्यांना बरं करू शकला नाहीत, त्याचा मला राग नाही. आजार आजारासारखा वागतो. पण माणूस जाताना स्वतःला आळशी समजून गेला, ते तुमच्यामुळे.

तेव्हा माझं मागणं एकच आहे. चारचौघांत बोललात, चारचौघांत परत घ्या. छापून, स्वतःच्या सहीनं. गोडीगुलाबीनं घेतलंत तर तुमचं नशीब.

आरोग्य खात्याची समिती तुमची पद्धत सगळ्या सरकारी हॉस्पिटलांत सुरू करायच्या विचारात आहे, असं पेपरात वाचलं. म्हणून मीही वेळ घालवला नाही. तुमचा लेख छापणाऱ्या संपादकबाईंना आजच पत्र टाकलं. त्यांना तोच प्रश्न विचारलाय, जो तुम्हाला विचारला होता. हे सहा म्हणजे कशाचे सहा?

त्यांना हसू येणार नाही.

तुमची अजून तरी
वहिनी

१९ जानेवारी

भाऊजी,

उत्तर तुमचं यायला हवं होतं, आली धाकटी. जाऊबाईला पुढे करून स्वतः गाडीत बसून राहिलात. खिडकीतून दिसत होतात मला. काच वर करून घेतलीत म्हणून माणूस अदृश्य होत नाही.

बिचारी सोफ्याच्या टोकावर बसली. म्हणाली, “ताई, घरातली गोष्ट घरात मिटवा ना. छापखान्यात कशाला नेता?”

“मी कुठे नेली? तक्ता छापला कुणी?”

“त्यांची झोप उडाली आहे.”

“उडू दे. ह्यांची उडाली तेव्हा तुझ्या नवऱ्यानं गोळी लिहून दिली होती. तीच घ्यायला सांग.”

मग ती रडकुंडीला आली आणि मला तिची दया आली. ती वाईट नाही, तिचं लग्न वाईट झालंय. मी चहा केला. ती म्हणाली, “ताई, मला खरंच कळत नाही, चूक काय आहे? कुणी समजावूनच सांगत नाही.”

तेव्हा तुमच्या माहितीसाठी, मी तुमच्या बायकोला काय समजावलं ते लिहिते. तुम्हालाही उपयोग होईल.

मी म्हटलं, रुग्णांचे दोन गट केले. नशिबानं एका गटात मुळातच बरं चालणारे थोडे जास्त आले. मग शेवटी कोण किती चाललं याची नुसती तुलना केली तर ती लबाडी होईल. म्हणून हिशेबानं सगळ्यांना एकाच रेषेवर आणायचं आणि विचारायचं, सगळे जर इथूनच निघाले असते तर दोन्ही गटांची सरासरी कुठे पोचली असती? या रीतीला सहप्रचरण विश्लेषण असं भारदस्त नाव आहे आणि त्यातून येणाऱ्या उत्तराला समायोजित सरासरी म्हणतात. तुझ्या नवऱ्यानं हे केलं ते योग्यच केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

धाकटीनं बिस्कीट बशीत ठेवलं. “म्हणजे दोनशे नव्वद हे ‘असते तर’चं उत्तर आहे?”

“हो.”

“मग दादांना तिथे पोचायला का सांगितलं?”

भाऊजी, तुमच्या बायकोचं शिक्षण अर्ध्यात सुटलं म्हणून तुम्ही तिला चारचौघांत टोमणे मारता. तिला जे दोन घोटांत कळलं ते तुम्हाला कळलं नाही. मी म्हटलं, “हे तू खाली गाडीत बसलेल्या गृहस्थांना विचार.”

मग सहाची गोष्ट. सरासरीच्या पुढे ‘अधिक-उणे’ लिहून जो आकडा टाकतात तो दोन प्रकारचा असू शकतो. एक, माणसं सरासरीपासून किती पसरली आहेत त्याचं माप, स्टँडर्ड डेव्हिएशन. दुसरा, ती सरासरी स्वतः किती डगमगते त्याचं माप, स्टँडर्ड एरर. दुसरा नेहमीच लहान असतो, दिसायला देखणा असतो, म्हणून तुमच्यासारख्यांना आवडतो. तो लिहायला बंदी नाही. फक्त तो कोणता ते सांगायचं असतं, आणि पसाराही शेजारी लिहायचा असतो. तुम्ही दोन्ही केलं नाही. एका गटात साठ माणसं, असं तुमच्याच लेखात आहे. सहाला साठच्या वर्गमुळानं गुणलं की शेहेचाळीस येतात. सुरुवातीचे फरक हिशेबातून काढून टाकल्यावरही माणसं शेहेचाळीस मीटरनं पसरलेली होती. आणि तेवढ्यात मावत नाहीत अशीही साठातली वीसेक असणार.

“म्हणजे सगळे दोनशे नव्वदच्या आसपास पोचले, हे...”

“हे तुझ्या नवऱ्यानं ह्यांना सांगितलं. हॉल भरून माणसांसमोर.”

धाकटी उठली. जाताना दारात म्हणाली, “ताई, मी काही बोलले नाही असं त्यांना सांगेन.” सांगो बापडी. मी मात्र सगळं लिहून टाकलं. तिच्यावर आवाज चढवलात तर पुढची प्रत मी तुमच्या अधिष्ठात्यांना पाठवीन.

वहिनी

११ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या विभागानं संपादकबाईंना कळवलं की ते सहा म्हणजे स्टँडर्ड एरर, छापताना तळटीप राहून गेली. तळटीप! माणसाची अब्रू गेली आणि यांची तळटीप राहून गेली.

संपादकबाई खमक्या निघाल्या. तळटिपेवर समाधान न मानता त्यांनी नियमावर बोट ठेवून सगळे मूळ आकडे मागवले आणि माझा आक्षेप तपासण्यासाठी मला धाडले. नावं नाहीत. गट, वय, सुरुवातीला किती चालला, शेवटी किती चालला, एवढंच.

ह्यांची पहिली चाचणी झाली तेव्हा मी शेजारी उभी होते. एकशे चाळीस मीटर. शेवटची शहाण्णव. रकान्यांतून खाली येताना मला ते दिसले. गर्दीत पाठमोरा माणूस चालीवरून ओळखावा, तसे. मी उठून तोंड धुऊन आले आणि मग कामाला लागले.

आलेखाचे कागद चिकटपट्टीनं जोडून जेवणाच्या टेबलावर पसरले. कंप्यूटर येतो मला, पण राग हातानं काढायचा असेल तर पेन्सिल बरी. आडव्या अक्षावर सुरुवातीचं अंतर, उभ्यावर शेवटचं. जलद गटाचे ठिपके लाल, नेहमीच्या गटाचे निळे. प्रत्येक गटातून एक रेषा काढली.

भाऊजी, रेषा एकमेकींना छेदतात.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात सांगायचे. समायोजित सरासऱ्यांची तुलना करण्याआधी बघा, दोन्ही रेषा समांतर आहेत ना? समांतर असतील तर एका पद्धतीचा फायदा सगळ्यांना सारखाच, मग एका आकड्यात सांगा. छेदत असतील तर एक आकडा सांगणं म्हणजे थापा मारणं. कारण मग फायदा कुणाला आणि तोटा कुणाला, हे माणूस कुठून निघाला यावर ठरतं.

तुमच्या रेषा दोनशे दहा मीटरवर छेदतात. त्याच्या पुढून निघालेल्यांना तुमच्या जलद पद्धतीनं फायदा झाला, चांगला झाला, ते मी नाकारत नाही. त्याच्या अलीकडून निघालेल्यांना नेहमीची पद्धत बरी होती. आणि जे फारच अशक्त होते त्यांचं होतं तेही चालणं गेलं. एकशे चाळीसवरून निघालेला माणूस नेहमीच्या पद्धतीनं एकशे साठच्या आसपास पोचतो. जलद पद्धतीनं एकशे पंचवीस. निघाला त्याहून मागे!

हे शहाण्णववर थांबले. एकशे पंचवीसपेक्षा एकोणतीसनं कमी. पसारा शेहेचाळीसचा. म्हणजे तुमच्या दादांनी काहीही जगावेगळं केलं नाही. त्यांच्या जागी कुणालाही उभं केलं असतं तर साधारण असंच झालं असतं. संख्याशास्त्रात याला काही खास शब्द नाही. याला सामान्य म्हणतात.

तुम्ही रेषा काढून पाहिल्याच नाहीत, एवढंच मी सध्या म्हणते. डॉक्टर माणूस, घाईत असतो. नापास करीन, पण फासावर देणार नाही. आलेखाची प्रत सोबत जोडली आहे. ह्यांच्या ठिपक्याभोवती वर्तुळ केलं आहे, म्हणजे शोधायला नको.

वहिनी

२६ फेब्रुवारी

भाऊजी,

अखेर तुमचं पत्र आलं. लेटरहेडवर, टाइप केलेलं, जावक क्रमांकासकट. वहिनीला जावक क्रमांक! खाली सही मात्र नेहमीसारखी, शेवटचं अक्षर अर्ध्यावर सोडलेली.

त्यातलं एक वाक्य मी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ‘सदर आलेख प्रकल्प पूर्ण होतेवेळीच आमच्या पाहण्यात आला होता, तथापि वाचकांचा गोंधळ होऊ नये या हेतूने तो वगळण्यात आला.’

आजपर्यंत मी तुम्हाला बेपर्वा समजत होते. तुम्ही बढती मिळवलीत.

म्हणजे तक्ता भिंतीवर लागला त्याआधी तुम्हाला ठाऊक होतं. ह्यांना तक्त्याखाली उभं केलंत, आकड्यावर बोट ठेवलंत, तेव्हा ठाऊक होतं की एकशे चाळीसवरून निघालेला माणूस या पद्धतीनं मागेच जाणार. आणि तरी म्हणालात, अंग चोरतोस. सख्ख्या भावाला. का? पद्धत हरली म्हणण्यापेक्षा दादा हरला म्हणणं सोपं होतं म्हणून?

मी तुमच्या वकिलासारखा विचार करून पाहिला. म्हटलं, माणूस आपल्या कामाच्या प्रेमात पडतो. पडो. पण ह्यांनी तुमच्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी स्वतःची बदली आडवळणाच्या मुलखात मागून घेतली, तिथे भत्ता जास्त म्हणून. ते मी कधी काढलं नाही, आजही पैशासाठी काढत नाही. एवढंच विचारते, भिंतीवर बोट ठेवताना तुमचं बोट कापलं कसं नाही?

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंत, ‘आपणास नेमके काय अपेक्षित आहे?’ जानेवारीतच सांगितलं होतं. आता शब्दांसकट सांगते. दुरुस्ती छापायची. त्यात प्रत्येक गटाची साधी सरासरी, समायोजित सरासरी, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि स्टँडर्ड एरर आपापल्या नावानिशी द्यायची. रेषा छेदतात हे सांगायचं. सरासरीच्या दोन रेषांबरोबर सगळे ठिपके छापायचे, एकूण एक. आणि खाली तुमच्या नावानं हे वाक्य: ‘ज्या रुग्णांचे चालणे या पद्धतीने खालावले, त्याचे कारण त्यांचा आळस नव्हता, पद्धत होती.’

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं करून खरं बोलायला लावायच्या. मला तेव्हा ते फार क्रूर वाटायचं. एवढ्या वर्षांनी माझं मत बदललं आहे.

समितीची बैठक मार्चात आहे. संपादकबाईंनी माझं पत्र त्यांच्याकडे पाठवलं, आणि त्यांनी मला बोलावलं आहे. बैठकीआधी ते वाक्य लिहून दिलंत तर मी तिथे फक्त तळटिपेबद्दल बोलेन. नाही दिलंत, तर तुमचं हे पत्रही मी पिशवीत घालून नेणार आहे. जावक क्रमांकासकट.

वहिनी

१६ मार्च

भाऊजी,

काल तुम्ही बैठकीतून न बोलता निघून गेलात, म्हणून राहिलेलं इथे बोलते.

वाक्य तुम्ही लिहून दिलं नाहीत. उलट मी दारातून आत आले तेव्हा शेजारच्या डॉक्टरांना कुजबुजत म्हणालात, “आमच्या वहिनी. भाऊ गेल्यापासून जरा हळव्या झाल्यात.” माझे डोळे अधू झालेत, कान शाबूत आहेत.

तरीही मी तुम्हाला संधी दिली. आलेख पडद्यावर लावला, लाल-निळे ठिपके, छेदणाऱ्या रेषा, आणि खाली बसले. पत्र पिशवीतच होतं. अध्यक्षांनी तुम्हाला विचारलं, “डॉक्टर, हे डावीकडचे लाल ठिपके खाली गेलेत. यांचं काय झालं?” तुम्ही खरं बोलला असतात तर पत्र पिशवीतच राहिलं असतं. शपथ घेऊन सांगते. पण तुम्ही खुर्चीत रेललात आणि म्हणालात, “त्या रुग्णांनी मनापासून सहकार्य केलं नाही.”

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हवालदारबाई. त्यांना समितीनं बोलावलंय हे मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसावं. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

त्या म्हणाल्या, “सर, माफ करा, पण हे मी ऐकून घेणार नाही. त्यातल्या प्रत्येकाला मी हातानं धरून चालवलंय. ह्या मॅडमचे मिस्टर तर पट्ट्यावरून उतरायलाच तयार नसायचे. पाय लटपटायचा, घाम गळायचा. मी म्हणायचे, काका, बास आता. ते म्हणायचे, नको, डॉक्टर रागावेल. आळशी माणसाला उतर उतर म्हणून विनवावं लागत नाही, सर.”

 

मग मी पत्र काढलं. तुमचं ते वाक्य वाचलं, आधी तुमच्या सरकारी भाषेत आणि मग साध्या भाषेत. अध्यक्षांनी पत्र हातात घेऊन तारीख पाहिली, सही पाहिली. तुम्हाला विचारलं, “हे तुमचंच ना?” तुम्ही उठलात. जाताना दरवाजा ढकलायचा होता, तुम्ही ओढत राहिलात.

मला वाटलं होतं वाईट वाटेल. रक्ताचं नातं नसलं तरी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शाळेत होतात, मी तुमची गणितं सोडवून दिली आहेत. घरी येऊन वाट पाहिली. नाही वाटलं. गरम गरम भात खाल्ला आणि झोपले.

समितीनं काय ठरवलं ते तुम्हाला कळलं असेलच. अशक्त रुग्णांवर ही पद्धत तातडीनं बंद, बाकीच्यांसाठी नव्यानं तपासणी, आणि विभागप्रमुखाच्या खुर्चीबद्दल हॉस्पिटलला विचारणा. खुर्चीचं तुमचं तुम्ही बघा, ती मी मागितली नव्हती. माझं वाक्य अजून बाकी आहे.

वहिनी

२ एप्रिल

भाऊजी,

मसुदा मिळाला. ‘काही रुग्णांच्या बाबतीत कदाचित पद्धतीचाही थोडाफार वाटा असू शकेल.’

‘कदाचित’ काढा. ‘थोडाफार’ काढा. ‘चाही’मधला ‘ही’ काढा. ‘असू शकेल’च्या जागी ‘होता’ लिहा. आळस हा शब्द कुठे गेला? तो सापडला नाही. बोलताना बरा सापडला होता.

इतकी वर्षं पेपर तपासले, दुसऱ्या संधीत उत्तीर्ण होणारा विद्यार्थी मी ओळखते. तुम्ही तिसऱ्या संधीत व्हाल.

वहिनी

१० एप्रिल

झालात. शब्द न् शब्द बरोबर आहे. संपादकबाईंना पाठवलं.

व.

२० जून

भाऊजी,

अंक आला. दुरुस्ती चांगली दोन पानांची आहे, तक्त्यात प्रत्येक आकड्याला त्याचं नाव आहे, ठिपके सगळे आहेत. वाक्य तुमच्या नावाखाली आहे. माझं आक्षेपाचं पत्रही शेजारी छापलंय, माझ्या पत्त्यासकट.

तुमची चिठ्ठीही मिळाली. या खेपेला हातानं लिहिलेली. रविवारी धाकटीला घेऊन माझ्याकडे यायचं म्हणता, माफी मागायची म्हणता. ‘आता तरी तुमचं समाधान झालं असेल’ असंही लिहिलंत.

येऊ नका. माफी माझ्याकडे मागून काय उपयोग? मला कुणी आळशी म्हटलं नव्हतं. ज्यांना म्हटलंत त्यांच्याकडे मागायला तुम्हाला उशीर झाला.

पण सगळ्यांच्या बाबतीत उशीर झालेला नाही. काल माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. अंकातला पत्ता बघून, दोन बसगाड्या बदलून. तुमच्याच हॉलमध्ये त्यांच्या नवऱ्याला चालवत होते, ह्यांच्या आधी. शिंपीकाम करायचा माणूस. बाईंनी पर्समधून घडी घातलेला तो आलेख काढला आणि म्हणाल्या, “ताई, आमचे हे एकशे पंचावन्नवरून निघाले होते. यातले कोणते ते सांगाल का?” मी आकडे काढले. सापडले. ह्यांच्या ठिपक्यापासून बोटभर अंतरावर.

त्यांनी त्या ठिपक्याखाली पेननं बारीक रेघ ओढली. मग सांगायला लागल्या. “घरात कुणी काही काम सांगितलं की हे म्हणतात, मला नका सांगू, मी आळशी माणूस आहे, डॉक्टरांनीच सांगितलंय. मुलं हसतात. त्यांना वाटतं बाबा गंमत करतात. परवा मी तुमच्या पानावरचं ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाले, कुणीही लिहील असं. ज्यानं म्हटलं तो येऊन म्हणाला तर मी मानीन.”

मी म्हटलं, त्यानं कशाला यायला हवं, तुम्हीच जा.

रविवारी घरी थांबा. चाकाची खुर्ची आहे, तुमच्या फाटकाच्या पायऱ्यांवर फळी टाकून ठेवा. तुमचा पत्ता मी दिला आहे, आणि त्यांच्या ओळखीच्या, अशाच रुग्णांच्या आणखी दोन घरांनाही देणार आहे. माणूस हट्टी आहे, असं त्या म्हणाल्या. एकदा म्हटल्यानं ऐकणार नाही. पुन्हा म्हणायला लावील.

बेल वाजली की दार तुम्ही स्वतः उघडा. धाकटीला पाठवू नका.

वहिनी